सगळे एनव्हिडियाच्या जीपीयूबद्दल बोलतात, मग चीनने बोट नेटवर्कवर का ठेवलं?

१५ सप्टेंबर २०२५. माद्रिदमध्ये अमेरिका आणि चीनचे अधिकारी व्यापारावर बोलायला बसले होते. त्याच दिवशी बीजिंगहून चीनच्या बाजार नियामक संस्थेचं एक छोटंसं निवेदन आलं. प्राथमिक तपासात एनव्हिडियाने मक्तेदारीविरोधी कायदा मोडल्याचं दिसतंय, असं त्यात म्हटलं होतं. आपल्यापैकी बहुतेकांनी ती बातमी 'चीन विरुद्ध अमेरिका, पुढचा अंक' म्हणून वाचली आणि स्क्रोल करून पुढे गेलो.

पण हे प्रकरण ज्याच्यासाठी एनव्हिडिया ओळखली जाते त्या एआय चिपचं नव्हतंच. ते होतं २०१९ साली ठरलेल्या आणि २०२० मध्ये पूर्ण झालेल्या एका खरेदीचं. एनव्हिडियाने तेव्हा मेलानॉक्स नावाची इस्रायली कंपनी घेतली होती. ही कंपनी बनवायची काय? सर्व्हरमध्ये बसणारी नेटवर्क कार्डं, त्यांना जोडणारे स्विच आणि केबली. थोडक्यात सांगायचं तर डेटा सेंटरमधलं वायरिंगचं सामान. त्यासाठी एनव्हिडियाने ६.९ अब्ज डॉलर मोजायचं ठरवलं, तेव्हा ती एनव्हिडियाची आजवरची सगळ्यात मोठी खरेदी होती.

आता दुसरा आकडा बघा. ऑगस्ट ते ऑक्टोबर २०२५ या फक्त तीन महिन्यांत एनव्हिडियाने एकट्या नेटवर्किंगमधून ८.२ अब्ज डॉलरचा धंदा केला. म्हणजे अख्खी मेलानॉक्स जेवढ्याला घेतली त्यापेक्षा जास्त, आणि तेही एका तिमाहीत. (या आकड्यात एनव्हिडियाचं स्वतःचं एनव्हीलिंक तंत्रज्ञानही धरलेलं आहे, सगळं श्रेय मेलानॉक्सचं नाही. तरीही.)

वायरिंगच्या सामानाला एवढा भाव कसा आला? तर नेटवर्क आता नुसतं वायरिंग राहिलेलं नाही. जी कामं आधी सर्व्हरचा मुख्य प्रोसेसर करायचा, ती एकेक करून नेटवर्क कार्डावर आणि स्विचवर सरकली आहेत. हे होत असताना क्लाउडची किल्ली कोणाच्या हातात, हेही बदलत गेलं.

आचारी, गल्ला आणि पार्सल

समजा एक मिसळीचं हॉटेल आहे. आचारी एक नंबर. पण मालकाने माणसं कमी ठेवली आहेत, त्यामुळे हाच आचारी ऑर्डर घेतो, पार्सल बांधतो, गल्ल्यावर बसतो आणि दारात कोण आलं तेही बघतो. गर्दी नसते तेव्हा चालून जातं. रविवारी सकाळी रांग लागली की कट करपतो.

डेटा सेंटरमधल्या सर्व्हरचं अगदी असंच झालं होतं. तुम्ही रील उघडता तेव्हा 'रील दाखव' या मूळ कामापेक्षा आजूबाजूचीच कामं भरपूर असतात. डेटा पॅक करायचा, दुसऱ्या सर्व्हरला पाठवायचा, तिथे उघडायचा, एनक्रिप्ट करायचा, आकार कमी करायचा, इकडून तिकडे कॉपी करायचा. गुगलच्या संशोधकांनी २०१५ मध्ये आपल्याच सर्व्हरांचा हिशेब मांडला, तेव्हा प्रोसेसरचा जवळपास ३० टक्के वेळ अशा कामांत जात असल्याचं दिसलं. त्यांनी त्याला नाव दिलं 'डेटासेंटर टॅक्स'. पाच वर्षांनी फेसबुकच्या सर्व्हरांवर झालेला अभ्यास आणखी बोलका होता. तिथल्या काही सेवांमध्ये मूळ कामाला प्रोसेसरचा जेमतेम १८ टक्के वेळ मिळत होता. बाकी सगळा पार्सल बांधण्यात.

नेटवर्कचा वेग वाढला तसं हे आणखी बिघडलं. मी मास कॉमची, 'पॅकेट' म्हटलं की मला वेफर्स आठवतात. पण हे गणित सोपं आहे, करून बघू. इंटरनेटवरचा डेटा छोट्या छोट्या पॅकेटमध्ये विभागून जातो. १०० गिगाबिटच्या लाइनवर सगळ्यात लहान आकाराची पॅकेट येत राहिली, तर सेकंदाला सुमारे १४.८८ कोटी पॅकेट येतात. म्हणजे एका पॅकेटच्या वाट्याला ६.७ नॅनोसेकंद. ३ गिगाहर्ट्झच्या प्रोसेसरचे तेवढ्यात साधारण २० ठोके होतात. आणि त्याच प्रोसेसरला मुख्य मेमरीतून एक गोष्ट शोधून आणायची तर १०० नॅनोसेकंदांच्या आसपास लागतात. एक पार्सल बांधायला सुतळी शोधेपर्यंत पंधरा गिऱ्हाइकं दारात.

आजच्या एआय डेटा सेंटरांत ४०० आणि ८०० गिगाबिटच्या लाइनी आहेत. प्रोसेसरचा एकेक कोअर मात्र त्या पटीत वेगवान झालेला नाही.

यावर एक मार्ग म्हणजे आणखी आचारी ठेवा, म्हणजे पार्सलसाठी जास्तीचे कोअर राखून ठेवा. तो महाग पडतो. किती, ते मायक्रोसॉफ्टने स्वतःच लिहून ठेवलंय.

एका कोअरचे ४,५०० डॉलर

मायक्रोसॉफ्टच्या अझूर या क्लाउडच्या इंजिनिअरांनी २०१८ मध्ये एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. असे निबंध सहसा तांत्रिक तक्त्यांनी भरलेले असतात, पण यात एक वाक्य सरळ धंद्याचं आहे. त्याचा आशय असा, की प्रोसेसरचा एक कोअर ग्राहकाला तासाला १० ते ११ सेंटने भाड्याने देता येतो. वर्षाचे झाले जास्तीत जास्त ९०० डॉलर. सर्व्हरच्या पूर्ण आयुष्यात ४,५०० डॉलर. आता असे दोन-चार कोअर प्रत्येक सर्व्हरमध्ये नुसत्या पॅकेटांची ये-जा सांभाळायला अडकवून ठेवले, आणि सर्व्हर लाखोंनी असले, तर किती भाडं बुडतं ते तुम्हीच मोजा.

म्हणून मायक्रोसॉफ्टने हे काम नेटवर्क कार्डाजवळ बसवलेल्या एफपीजीएकडे दिलं. एफपीजीए ही वेगळ्या जातीची चिप असते. नेहमीच्या चिपचं सर्किट कारखान्यात एकदा कोरलं की कोरलं. एफपीजीएचं सर्किट नंतरही बदलता येतं. आज एनक्रिप्शनचा एक प्रकार, सहा महिन्यांनी दुसरा, चिप तीच. आपल्या विषयात 'प्रोग्रॅमेबल' हा शब्द येतो तो इथे. क्लाउडमधले नेटवर्कचे नियम सतत बदलत असतात, आणि दरवेळी लाखो कार्डं उघडून नवी बसवणं कोणालाच परवडणार नाही.

२०१५ पासून अझूरच्या नव्या सर्व्हरांत ही कार्डं बसू लागली. २०१८ पर्यंत दहा लाखांहून जास्त सर्व्हरांत ती होती. अझूरचं 'सेंट्रल इंडिया' रीजन पुण्यात आहे, तेही २०१५ पासूनच, आणि ही सोय तिथल्या ग्राहकांनाही मिळते. पुण्यातल्या एखाद्या स्टार्टअपने तिथे सर्व्हर भाड्याने घेतला असेल, तर त्यांच्या ॲपची पॅकेट कदाचित मुख्य प्रोसेसरला न विचारताच ये-जा करत असतील. त्यांना हे माहीत असण्याची गरजही पडलेली नसेल.

ॲमेझॉनने थेट कंपनीच घेतली

ॲमेझॉन यात एक पाऊल पुढे गेलं. २०१५ मध्ये त्यांनी ॲनापूर्णा लॅब्स ही इस्रायली चिप कंपनी विकत घेतली. (हो, नाव हिमालयातल्या अन्नपूर्णा शिखरावरूनच आलंय.) पुढच्या दोन वर्षांत त्यातून 'नायट्रो' उभं राहिलं, आणि नोव्हेंबर २०१७ मध्ये ते ग्राहकांपुढे आलं.

नायट्रोची कल्पना सांगायला सोपी आहे. क्लाउडमध्ये एका मोठ्या सर्व्हरचे तुकडे करून वेगवेगळ्या ग्राहकांना भाड्याने दिले जातात. हे तुकडे करणारं, त्यांच्यावर लक्ष ठेवणारं आणि त्यांचं नेटवर्क नि स्टोरेज सांभाळणारं सॉफ्टवेअर आधी त्याच सर्व्हरवर चालायचं. मालक भाडेकरूच्याच घरात एक खोली अडवून राहतो ना, तसं. नायट्रोने मालकाला बाहेर काढून स्वतंत्र कार्डावर बसवलं. आता सर्व्हरचा जवळपास सगळा प्रोसेसर आणि मेमरी ग्राहकाला मिळते.

यातून सुरक्षेचाही फायदा झाला. भाडेकरूच्या प्रोग्रॅममध्ये काही गडबड झाली तरी तिला मालकाच्या खोलीत शिरणं अवघड, कारण ती खोली आता वेगळ्या चिपवर आहे.

पण याच गोष्टीकडे दुसऱ्या बाजूनेही बघायला हवं. सर्व्हरमध्ये आता दोन कॉम्प्युटर आहेत. एक तुम्हाला दिसतो, ज्यावर तुम्ही तुमचं सॉफ्टवेअर टाकता, अँटिव्हायरस चालवता, लॉग बघता. दुसरा कार्डावर आहे. तो तुम्हाला दिसत नाही, पण तुमचा प्रत्येक बाइट त्याच्यातून जातो, आणि तुमचा सर्व्हर चालू ठेवायचा की नाही ते तोच ठरवतो. मुख्य प्रोसेसर हा डेटा सेंटरचा राजा, असं आपण समजत आलोय. नायट्रोसारख्या रचनेत तो राजा भाड्याने दिलेला आहे, आणि कारभारी कार्डावर बसलाय.

अशा कार्डांना आता डीपीयू म्हणतात, म्हणजे डेटा प्रोसेसिंग युनिट. ऑक्टोबर २०२० मध्ये एनव्हिडियाने मेलानॉक्सच्या जोरावर 'ब्लूफील्ड-२' आणलं. त्या एका कार्डावर होणारी कामं करायला एरवी प्रोसेसरचे १२५ पर्यंत कोअर लागतील, असा दावा केला. पुढच्या पिढीला तो ३०० कोअरवर गेला. हे आकडे कंपनीचे आहेत, आणि 'पर्यंत' या शब्दाकडे नीट बघा. कार्डावर ज्या कामासाठी खास सर्किट आहे, उदाहरणार्थ एनक्रिप्शन, तिथे असा फरक पडू शकतो. पण गुगलच्या त्या 'टॅक्स'मधली मेमरी वाटण्यासारखी कामं नेटवर्क कार्डावर ढकलता येत नाहीत. शिवाय कार्ड स्वतः वीज खातं, त्याचं सॉफ्टवेअर वेगळं सांभाळावं लागतं, आणि काही बिघडलं तर चूक सर्व्हरची की कार्डाची हे शोधण्यात इंजिनिअरांच्या रात्री जातात. लहान कंपनीला हा सगळा खटाटोप बऱ्याचदा परवडतच नाही. लाखो सर्व्हर असणाऱ्यांना परवडतो.

वॉचमनने बेरीज करावी का?

इथपर्यंत आपण कार्डाबद्दल बोललो. कार्डं एकमेकांना जोडतो तो स्विच. त्याचं काम आतापर्यंत एकच, आलेलं पॅकेट बघायचं आणि योग्य दिशेला पुढे ढकलायचं. आत काय आहे यात त्याने पडायचं नाही.

हा योगायोग नाही. १९८४ मध्ये सॉल्ट्झर, रीड आणि क्लार्क या तिघांनी एक प्रसिद्ध निबंध लिहिला होता. त्यातला विचार असा, की अक्कल दोन टोकांच्या कॉम्प्युटरांत असू द्या, मधलं नेटवर्क साधं ठेवा. इंटरनेट एवढं पसरलं त्यामागे हा विचार मोठा आहे. मधल्या कोणाची परवानगी न घेता कोणीही नवीन काहीतरी सुरू करू शकलं, ते यामुळेच.

मग हा नियम मोडावासा का वाटला? एआयमुळे.

गणपतीच्या वर्गणीचं उदाहरण घेऊ. शंभर फ्लॅटची सोसायटी आहे. प्रत्येक घराने आपला आकडा चिठ्ठीवर लिहिलाय आणि एकूण किती जमले ते प्रत्येक घराला कळायला हवं. एक पद्धत अशी, की एक वही घरोघर फिरवायची. पहिल्या फेरीत प्रत्येकाने आपला आकडा मिळवायचा, दुसऱ्या फेरीत सगळ्यांनी एकूण बघून घ्यायचं. चालतं, पण दोन फेऱ्या होतात. दुसरी पद्धत म्हणजे प्रत्येक विंगच्या दारातल्या वॉचमनने चिठ्ठ्या पुढे देण्याऐवजी तिथेच बेरीज करायची, गेटवरच्या वॉचमनने सगळ्या विंगांची बेरीज करायची आणि एकच आकडा सगळ्यांना परत पाठवायचा. फेऱ्या निम्म्या.

मोठं एआय मॉडेल शिकत असताना हेच होतं, फक्त फ्लॅटच्या जागी हजारो जीपीयू असतात आणि वर्गणीच्या जागी अब्जावधी आकडे. प्रत्येक जीपीयू आपल्या वाटणीचा डेटा वाचून आकडे काढतो, मग सगळ्यांच्या आकड्यांची बेरीज होते, ती सगळ्यांना मिळते आणि पुढची फेरी सुरू. बेरीज येईपर्यंत जीपीयू रिकामे बसून राहतात. मेटाने २०२२ मध्ये सांगितलं होतं, की त्यांच्या एआय कामांचा सरासरी एकतृतीयांश वेळ नेटवर्कची वाट बघण्यात जातो. एकेक जीपीयू लाखो रुपयांचा असतो. तो वाट बघत बसलाय म्हणजे मीटर चालू ठेवून रिक्षा उभी.

स्विचने ही बेरीज करावी, ही कल्पना मेलानॉक्सकडे एनव्हिडियाने ती घ्यायच्या आधीपासून होती. त्यांच्या तंत्रज्ञानाचं नाव 'शार्प'. आज एनव्हिडियाच्या एआय यंत्रणांमध्ये ते आहे, आणि नेटवर्कवर पाठवावा लागणारा डेटा त्यामुळे जवळपास निम्मा होऊ शकतो.

विद्यापीठांतही लोक याच मागे होते. सौदी अरेबियातल्या काउस्ट विद्यापीठाच्या गटाने २०१७ मध्ये यावर निबंध लिहिला. त्याच्या मथळ्याचाच अर्थ होतो, 'नेटवर्कमध्ये गणित करणं ही मूर्ख कल्पना आहे, आणि तिची वेळ आता आलीय'. मला हा मथळा फार आवडला. पुढे याच मंडळींसह मायक्रोसॉफ्ट आणि इतर काही संस्थांच्या संशोधकांनी 'स्विचएमएल' बनवलं. २०२१ च्या निबंधात त्यांनी काही मॉडेलांचं ट्रेनिंग ५.५ पटींपर्यंत वेगवान झाल्याचं दाखवलं.

बेरजेपलीकडचेही प्रयोग झाले. समजा एखादी पोस्ट व्हायरल झाली. लाखो लोक एकाच वेळी तीच गोष्ट मागतात, म्हणजे ती ज्या एका सर्व्हरवर आहे त्याचा जीव जातो आणि शेजारचे निवांत असतात. २०१७ च्या 'नेटकॅश' प्रयोगात सगळ्यात जास्त मागितल्या जाणाऱ्या गोष्टी थेट स्विचच्याच छोट्याशा मेमरीत ठेवल्या. प्रश्न सर्व्हरपर्यंत पोहोचायच्या आतच उत्तर मिळायचं. यंत्रणेची क्षमता त्यामुळे ३ ते १० पट वाढली.

टोफिनो: चांगली चिप, चुकीची वेळ

'स्विचएमएल' आणि 'नेटकॅश', दोन्ही प्रयोग एकाच चिपवर झाले. ती म्हणजे टोफिनो.

स्विचची चिप म्हणजे आधी पेटीबंद वस्तू असायची. ब्रॉडकॉमसारखी कंपनी ठरवणार त्यात काय असेल, तुम्ही ते वापरणार. स्टॅनफर्डचे निक मॅककिऑन, प्रिन्स्टनच्या जेनिफर रेक्सफर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये 'पी४' नावाची भाषा मांडली. या भाषेत लिहून तुम्ही स्विचला सांगू शकता, की पॅकेट असं वाच, यात हे बघ, मग हे कर. मॅककिऑन यांच्या बेअरफूट नेटवर्क्स कंपनीने २०१६ मध्ये या भाषेवर चालणारी टोफिनो चिप जाहीर केली. वेग सेकंदाला ६.५ टेराबिट. प्रोग्रॅमेबल स्विच म्हणजे हळू स्विच, हा समज तिने खोटा ठरवला.

मर्यादा होत्याच. प्रत्येक पॅकेटला वेळ नॅनोसेकंदांत मिळतो, मेमरी मोजकी, दशांश चिन्हाचं गणित तिला थेट जमत नाही. 'स्विचएमएल'वाल्यांना सगळे आकडे आधी पूर्णांकात बदलून घ्यावे लागले. पण ही चिप कोणीही घेऊन त्यावर स्वतःची कल्पना उतरवू शकत होतं. त्यामुळे जगभरच्या विद्यापीठांच्या प्रयोगशाळांत ती पोहोचली.

२०१९ मध्ये इंटेलने बेअरफूट विकत घेतली. ३० नोव्हेंबर २०२२ ला चॅटजीपीटी आलं. आणि जानेवारी २०२३ मध्ये, जेमतेम दोन महिन्यांनी, तोट्यात आलेल्या इंटेलने खर्च कमी करताना स्विच चिपच्या धंद्यात पुढे पैसे घालणार नसल्याचं सांगितलं. टोफिनोची पुढची पिढी तिथेच संपली.

जगाला एआयच्या नेटवर्कची भूक लागत असतानाच नेटवर्कमध्ये गणित करू देणारी सगळ्यात खुली चिप बंद पडली. इंटेलला दोष देणं सोपं आहे. पण मोठ्या क्लाउड कंपन्यांना तेव्हा स्वस्त आणि साधे स्विच हवे होते, आणि टोफिनोला दशांशाचं गणित येत नसल्याने एआयच्या कामाला ती जशीच्या तशी चालली असती असंही नाही. जानेवारी २०२५ मध्ये टोफिनोचं सॉफ्टवेअर मुक्त केलं गेलं, म्हणजे आता कोणीही ते वाचू आणि बदलू शकतं. नवी चिप मात्र येणार नाही.

याच काळात बाकीच्या स्वतंत्र कंपन्याही एकेक करून मोठ्यांच्या घरात गेल्या. आयआयटी कानपूरचे माजी विद्यार्थी आणि ज्युनिपर नेटवर्क्सचे सहसंस्थापक प्रदीप सिंधू यांची फंजिबल ही डीपीयूवरच काम करणारी कंपनी जानेवारी २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टने घेतली. पुढच्या वर्षी मायक्रोसॉफ्टने स्वतःचा डीपीयू जाहीर केला. पेन्सँडो ही दुसरी कंपनी २०२२ मध्ये एएमडीने सुमारे १.९ अब्ज डॉलरला घेतली. चीनमध्ये अलीबाबाने आपल्या क्लाउडसाठी स्वतःची अशी चिप २०२२ मध्ये आणली.

थोडक्यात, नेटवर्कमध्ये गणित करायची कल्पना जिंकली. ते गणित कोणालाही करू देणारी कंपनी मात्र उरली नाही.

वॉचमन कोणाचा?

आता पुन्हा चीनकडे. एप्रिल २०२० मध्ये चीनने मेलानॉक्सच्या खरेदीला होकार दिला तो अटी घालून. एनव्हिडियाने जीपीयू आणि मेलानॉक्सचं सामान जबरदस्तीने एकत्र विकायचं नाही, आणि आपलं सामान दुसऱ्या कंपन्यांच्या सामानाबरोबर नीट चालू द्यायचं, अशा त्यातल्या काही होत्या. या अटी पाळल्या का, हाच तपासाचा विषय.

चीनचा हेतू स्वच्छ आहे असं मी अजिबात म्हणत नाही. अमेरिकेने चीनला प्रगत चिप विकण्यावर बंदी घातलेली आहे. डिसेंबर २०२४ मध्ये हा तपास सुरू झाला तेव्हाही अमेरिकेने नुकतेच नवे निर्बंध लावले होते. १ नोव्हेंबर २०२५ ला व्हाइट हाउसने दोन्ही देशांतल्या समझोत्याची माहिती दिली. त्यात अमेरिकी चिप कंपन्यांविरुद्धचे तपास चीन मागे घेईल असंही होतं. म्हणजे सौदेबाजीत वापरायचा तो एक पत्ता होता, यात शंका घ्यायला फारशी जागा नाही.

पण अट घालणाऱ्याचा हेतू वाकडा असला म्हणून अटीमागचा प्रश्न खोटा ठरत नाही. वर्गणीची बेरीज आता वॉचमन करतो. तो वॉचमन बिल्डरने नेमलाय, आणि फ्लॅटही त्याच बिल्डरचे आहेत. शेजारच्या बिल्डरचा फ्लॅट घेतला तर हा वॉचमन तुमची चिठ्ठी मोजेल का? मोजेल, पण तितक्याच वेगाने? जीपीयू, कार्ड, स्विच आणि या सगळ्यांना बोलतं करणारं सॉफ्टवेअर एकाच कंपनीचं असेल, तर त्यातली एक वस्तू दुसरीकडून घेणं कागदावर शक्य आणि प्रत्यक्षात त्रासाचं होतं. त्यासाठी जबरदस्ती करावीच लागत नाही.

हे फक्त नियामकांनाच खटकलेलं नाही. जुलै २०२३ मध्ये एएमडी, ब्रॉडकॉम, सिस्को, इंटेल, मेटा, मायक्रोसॉफ्ट आणि आणखी काही कंपन्यांनी 'अल्ट्रा इथरनेट' नावाची आघाडी केली. एआयसाठीच्या नेटवर्कचा एक खुला नियमसंच असावा, म्हणजे एकाचं कार्ड दुसऱ्याच्या स्विचबरोबर चालेल, हा उद्देश. जून २०२५ मध्ये त्याची पहिली आवृत्ती आली. एएमडीने पेन्सँडोच्या जोरावर बनवलेलं 'पोलारा' हे कार्ड याच नियमांना डोळ्यांसमोर ठेवून आलंय, आणि ते प्रोग्रॅम करायला तीच जुनी पी४ भाषा चालते. टोफिनो गेली, तिची भाषा टिकली. एनव्हिडियाही पुढे या आघाडीत सामील झाली.

आणि आपण?

भारतात एआयच्या तयारीची चर्चा जीपीयूच्या आकड्यावर सुरू होते आणि तिथेच संपते. इंडियाएआय मिशनमध्ये ३८ हजारांहून जास्त जीपीयू उपलब्ध झाल्याचं सरकारने २०२५ मध्ये सांगितलं. आकडा चांगला आहे. पण हे जीपीयू एकमेकांशी कशाने जोडलेत, कोणाच्या कार्डाने, कोणाच्या स्विचने, हा प्रश्न पत्रकार परिषदेत कोणी विचारताना मला तरी दिसला नाही. मेटाचा एकतृतीयांश वेळ वाट बघण्यात जात होता, हे लक्षात घेतलं तर नेटवर्क कच्चं असताना ३८ हजारांतले किती जीपीयू प्रत्यक्ष कामाचे ठरतील, हे विचारायलाच हवं.

या बाबतीत एक काम पुण्यात सुरू आहे आणि त्याची फारशी बातमी होत नाही. सीडॅकने सुपरकॉम्प्युटरांसाठी 'त्रिनेत्र' नावाचं स्वदेशी नेटवर्क बनवलंय. त्याची १०० गिगाबिटची आवृत्ती पुण्यातल्या सीडॅकच्या परम रुद्र यंत्रणेवर बसवून तपासली गेली. २०० गिगाबिटची आवृत्ती बंगळुरूला उभ्या राहणाऱ्या २० पेटाफ्लॉप क्षमतेच्या परम रुद्रसाठी आहे.

तुलना करायची तर एनव्हिडियाने ४०० गिगाबिटचे स्विच २०२१ मध्ये आणले आणि ८०० चे २०२४ मध्ये जाहीर केले. अंतर मोठं आहे, ते लपवण्यात अर्थ नाही. पण नेटवर्क कार्ड आणि स्विच स्वतः बनवता येणाऱ्या संस्था जगातच मोजक्या उरल्यात, आणि त्यातल्या बहुतेक कुठल्या ना कुठल्या क्लाउड किंवा चिप कंपनीच्या पोटात आहेत. बंगळुरूचं यंत्र पूर्ण झालं की २०० गिगाबिटचं त्रिनेत्र पहिल्यांदाच एवढ्या मोठ्या कामावर चालेल.